मिस्त्रींनी जिना मोजलाच नाही

मिस्त्रींना खोली दाखवायची खोटी, त्यांचे ओठ पुटपुटायला लागलेच म्हणून समजा. भिंतींची लांबी एकत्र करायची, उंचीनं गुणायची, एका बोर्डाच्या मापानं भागायची, वर दहावा हिस्सा नासाडीचा. दारं-खिडक्या वजा करायच्या नाहीत. "त्यांचे तुकडे कोपऱ्याकापऱ्यांत जिरतात," असं ते गिऱ्हाइकाला सांगत, आणि गिऱ्हाइकानं हुज्जत घातलीच तर टेप खिशात टाकून सरळ चालू लागत. माणूस फटकळ, पण जिप्समच्या भिंतीला किती बोर्ड, किती स्क्रू, सांध्यांवर चिकटवायला किती पट्टी आणि किती पुट्टी, हे त्यांनी सांगावं आणि बाकीच्यांनी मुकाट आणावं!

तोच माणूस स्वतःच्या घरी तोंडघशी पडला.

त्यांची थोरली बहीण कायमची त्यांच्याकडे राहायला यायची होती. नवरा गेल्यापासून ती दिराच्या घरी बैठकीत झोपायची. सगळे आत गेले की हिनं अंथरूण घालायचं आणि कुणी उठायच्या आत गुंडाळून ठेवायचं. वर्षानुवर्षं! मिस्त्रींना हे कळलं तेव्हा त्यांना जेवण गेलं नाही.

"ताई येईल तेव्हा तिची खोली तयार पाहिजे," त्यांनी बायकोला बजावलं. वरच्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीत मधोमध भिंत घालायची ठरली. माप घेतलं, सामान मागवलं, सगळं अगदी चोख.

आणि बोर्ड जिन्याच्या वळणावर अडकले. उभे करून झाले, आडवे करून झाले, हमालांवर ओरडूनही झालं. लोकांच्या घरी आधी जिना बघणाऱ्या मिस्त्रींनी स्वतःचा जिना बघितलाच नव्हता. रोज चढतो तो जिना कोण मोजतंय?

"आता हो?" बायकोनं विचारलं.

"आता माझं डोकं! कापा म्हणावं मधोमध."

कापलेले बोर्ड वर गेले, उभेही राहिले. पण सांधे झाले दुप्पट, आणि पट्टी-पुट्टी आणलेली आधीच्या हिशेबानं. अर्ध्या भिंतीतच पुट्टीचा डबा खडखडीत झाला. त्यात दुकानांना सुट्टी. मिस्त्री रिकामा डबा खरवडत असतानाच खाली रिक्षा थांबली.

ताई वर आली. मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तिकडे बघू नकोस गं ताई. चुकलंच माझं. उद्या सगळ्या फटी बुजवतो."

ताईचं भिंतीकडे लक्षच नव्हतं. ती खोलीचं दार चाचपत होती.

"याला आतून कडी आहे का रे?"

"आहे की."

"मग तुम्ही दोघं जरा बाहेर व्हा."

कडी लागली. मग आतून रडणं ऐकू आलं, आधी दबकं आणि मग मोकळं, लहान पोरीसारखं मोठमोठ्यानं. बायको घाबरून दार वाजवायला पुढे झाली. मिस्त्रींनी तिचा हात धरला. त्यांचेही डोळे वाहत होते.

"राहू दे तिला," ते म्हणाले. "चल, आपण खाली जाऊ. इथं सगळं ऐकू येतंय."