मरायला गोरेगावला

परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, माणसं मरतात त्या सिनेमात हसण्यासारखं काय असतं?" मी फोन ठेवून दिला, तर तुमच्या आईला वाटलं मी रागावले. तसं नव्हतं. उत्तर लांबलचक होतं, म्हणून ते लिहून पाठवते आहे.

तुमच्या आजोबांचे काका-काकू दहिसरला चाळीत राहायचे. संपानंतर गिरणी सुरूच झाली नाही आणि काका घरी बसले. चाळीतला एकजण गोरेगावच्या स्टुडिओत गर्दीतली माणसं पुरवायचा. तो काकांना एकदा घेऊन गेला आणि तिथे शोध लागला की काकांना मेल्यासारखं पडता येतं. नाकावर माशी बसली तरी पापणी हलायची नाही. जन्मभर मागांच्या खडखडाटात डुलक्या काढलेल्या माणसाला शूटिंगचा आरडाओरडा म्हणजे अंगाईच. मग ज्या सिनेमात तिरडी असेल तिथे काका जाऊ लागले. सकाळी डबा घेऊन निघाले की शेजारी विचारत, "काय ओ, आज मरूचा आसा?"

"दुपारपर्यंत. मगे जेवान."

काकूंना हे अजिबात खपत नसे. "जित्या माणसान मरणाचा सोंग घेवचा नाय. यमाक खरा वाटला तर?" काका ऐकेनात, तेव्हा त्यांनी नियम केला. गोरेगावहून आल्यावर उंबरठ्याबाहेर थांबायचं, कडुनिंबाचं पान चावायचं, गॅलरीत ठेवलेल्या बादलीने अंघोळ करायची आणि मगच घरात पाऊल टाकायचं. स्वतःलाच पोचवून आलेला माणूस! एकदा मी गेले तेव्हा काका टॉवेल गुंडाळून कुडकुडत उभे होते. मला म्हणाले, "सूनबाई, आज इतको बरो मेलंय, डायरेक्टर खूश झालो."

काकू आतून म्हणाल्या, "डायरेक्टराक सांगा, तूच मर."

काकांना एकच खंत होती. अंगावर कायम चादर असायची, त्यामुळे पडद्यावर तोंड कधी दिसलंच नाही. अखेर एका विनोदी सिनेमात तसं काम मिळालं. घरधनी मेलाय, भोवती नातेवाईक जागेवरून भांडताहेत आणि प्रेताचा चेहरा चांगला उघडा. काकूंनी परवानगी दिली, पण एका अटीवर: त्या स्वतः सोबत येणार आणि सोबतीला मी.

काका तिरडीवर पडले, नाकात कापूस. सिनेमातली बायको धावत यायची, हंबरडा फोडायची आणि तिरडीच्या बांबूवर बांगड्या आपटायची. दोनदा झालं, तरी डायरेक्टरच्या मनासारखं होईना. दर खेपेला काकू माझं मनगट आवळत होत्या. तिसऱ्यांदा त्या बाईने हात उचलला आणि काकू उठल्या. कोणी अडवायच्या आत तरातरा दिव्यांच्या उजेडात जाऊन उभ्या राहिल्या.

"ओ, उठा ओ! गोळी घेवचो टायम झालो!"

माशीला न हललेले काका ताडकन उठून बसले. इतक्या वर्षांच्या संसारात काकूंची हाक त्यांनी कधी टाळली नव्हती. नाकातल्या कापसासकट त्यांनी विचारलं, "पाणी हाडलंस?"

खोटी विधवा खरी किंचाळली. एक शोकाकुल मेव्हणा वायरीत अडकून पडला. डायरेक्टर ओरडला, "बाहेर काढा!"

"कोणाला?"

"दोघांना!"

स्टुडिओच्या पायरीवर काकांनी रक्तदाबाची गोळी घेतली. त्यानंतर त्यांना कोणी मरायला बोलावलं नाही. ते बरेच दिवस घुश्शात होते. काकू मात्र खुशीत होत्या.

पुढे काही वर्षांनी, एका दुपारी, काका जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. डॉक्टर येऊन सांगून गेले. चाळ गोळा झाली, पण रडायला कोणी सुरुवात करेना. सगळे एकमेकांकडे बघत होते. शेवटी शेजारचे आजोबा हळूच म्हणाले, "वैनी, एकदा हाक मारून बघा." हे कोणालाच विचित्र वाटलं नाही. इंग्रजी कॉलेजात शिकलेल्या मलाही नाही.

काकू वाकल्या. "ओ, उठा ओ. गोळी घेवचो टायम झालो."

आम्ही खरोखर वाट पाहिली.

काकू सरळ झाल्या. "आज पयल्यांदा माजा ऐकल्यानी नाय," म्हणाल्या, आणि फिस्सकन हसल्या. मग आम्ही सगळेच हसलो. त्या हसण्यातून रडणं कधी सुरू झालं ते कळलं नाही. आधी हसलो नसतो तर त्या दिवशी त्या खोलीत कोणाला रडताही आलं नसतं, असं मला अजून वाटतं. तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

संध्याकाळी पुरुष दहनाहून परतले. गॅलरीत बादली भरलेली होती, ताटलीत कडुनिंबाची पानं होती. एकेकजण पान चावून, पाय धुऊन आत आला. शेवटचा माणूस आल्यावरही काकू बादली उचलेनात. त्यांनी बाहेर वाकून जिन्याच्या तोंडापर्यंत पाहिलं, मग उरलेलं पाणी तुळशीला घातलं.