मिलिंदला रजनीकडे नेताना

साताऱ्याहून पहाटे गाडी काढली ती बदलापूरला मिलिंदला भेटायला. पॉलिटेक्निकमध्ये आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे तो अंबरनाथच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिक बसच्या बॅटऱ्या दुरुस्त करू लागला. गेल्या वर्षी तिथेच एका बॅटरीतून जाळाचा लोळ उठला आणि त्याचे दोन्ही डोळे गेले.

कर्जतनंतर डोंगर सोबतीला होते. त्यांच्याकडे बघत बदलापूर कधी ओलांडलं कळलंच नाही, थेट जांभूळ गावात पोचलो. मिलिंद बदलापूरच्या बेलवलीत राहतो, तिकडचा रस्ता एका आजीबाईंना विचारला. "बेलवली मागं रायली, बाला. गारी (गाडी) फिरव," त्या हसून म्हणाल्या.

बेलवलीत मिलिंद इमारतीच्या पायरीवर तयार होऊन बसला होता. इस्त्रीचा शर्ट, काळा चष्मा. मला चहासुद्धा घेऊ दिला नाही.

"आधी रजनीकडे जायचंय," म्हणाला.

रजनी त्याची मदतनीस होती. बॅटरी उघडण्याआधी तिचा मधला प्लग काढतात. तो रजनीने काढला होता आणि "दादा, बंद आहे" असं सांगितलं होतं. पण प्लग काढला तरी आतल्या सेलमधली वीज जात नाही. म्हणून प्रत्येक जोड मीटर लावून तपासायचा असतो. त्या दिवशी नेमकं काय चुकलं, कुणालाच कळलं नाही. रजनीने मात्र दोष स्वतःवर घेतला आणि नोकरी सोडली.

अंबरनाथला कारखान्याच्या फाटकाशी मिलिंदने गाडी थांबवायला लावली. काच खाली केली. आत भोंगा वाजला.

"जेवणाची सुट्टी संपली," एवढंच बोलला.

उल्हासनगरात एका सिंधी काकूंच्या दुकानात रजनी दाल-पकवान (कडक तळलेली पुरी आणि चणाडाळ) वाढत होती. आम्हाला पाहून ती जागीच थिजली.

"दादा, तुम्ही कशाला आलात?"

"ऐक, रजनी. मीटर लावणं माझं काम होतं. मी लावलाच नाही, घाई केली. तुझी काहीच चूक नाही."

"खरंच? की मला बरं वाटावं म्हणून बोलताय?"

"आईशपथ."

ती भिंतीला टेकून रडत राहिली. मग पकवानाचा तुकडा मोडून, त्यावर डाळ घालून तिने मिलिंदच्या हातात दिला.

"कामावर परत जाशील?" त्याने विचारलं.

"नाही दादा. हात लावायची हिंमतच होत नाही."

परतताना गाडीत मी विचारलं, "खरंच मीटर लावला नव्हतास?"

"मला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही रे. सकाळी बायकोने डबा दिला, तेवढं आठवतं. मग एकदम हॉस्पिटल."

त्याला बेलवलीला सोडून मी निघालो. खंबाटकीचा घाट येईपर्यंत रेडिओही लावला नाही. डोळे गेल्यावर मिलिंदजवळ एवढंच उरलं होतं, चूक आपली नसेल असं मानायची मोकळीक. तीही तो आज रजनीला देऊन आला होता.