लाल भिंतीखालचं सारवण

"मॅडम, भिंत पार कलिंगडासारखी दिसतीय. तुम्ही लगेच निघा."

सोनईहून रूपालीचा फोन. मी नगरची इंटिरियर डिझायनर. रूपालीच्या नव्या बंगल्याचं काम माझ्याकडे होतं आणि दोन दिवसांवर वास्तुशांत होती. हॉलच्या एका भिंतीला गडद लाल रंग, एवढा एकच हट्ट तिनं केला होता. तिच्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, बदामी सोडून दुसरा रंग माहीत नाही. ते खूप कुरकुरले आणि शेवटी एका अटीवर कबूल झाले. भिंत बिघडली तर वरच्या मजल्यावरच्या सुनेच्या खोलीसकट सगळं घर बदामी. शिवाय 'सुनेचं ऐकलं की असं होतं' हे आयुष्यभर, फुकट.

आता गडद लाल हा दिसायला दांडगा, पण झाकायला कच्चा. पांढऱ्या प्रायमरवर मारला की खालचा पांढरा डोकावतो आणि भिंत डागाळते. म्हणून आधी करड्या प्रायमरचा एक हात मारायचा. हात म्हणजे रंगाचा एक थर. हे मी शिंदे पेंटरला नीट समजावलं होतं. त्यानं मान डोलावली होती. मान डोलवायला काही लागत नाही.

मी पोचले तेव्हा भिंत कुठे गुलाबी, कुठे विटकरी होती. समोर खुर्ची टाकून आबा बसले होते. त्या दिवशी सोनईत त्यांच्याइतकं सुखी कुणी नसावं.

"करडा मारला होता का?" मी शिंदेला विचारलं.

"मारत हुतो. आबा म्हनले, पांढरा मार."

"मंग काय तर?" आबा म्हणाले. "शुभकार्याच्या तोंडावर भिंतीला राख फासत हुता त्यो. आमच्यात असलं चालत न्हाई."

म्हणजे भिंत यांनीच बिघडवली होती आणि आता सुनेला शिक्षा सुनावायला खुर्ची टाकून बसले होते. रूपाली दारात उभी होती, चेहरा एवढासा झालेला. मला संताप आला. तो गिळला, कारण आबा क्लायंट होते.

"आबा, वास्तुशांतीला दारात रांगोळी कशावर काढणार?"

"अंगन सारवून. आन् कशावर?"

"शेणानं?"

"व्हय."

"का बरं?"

"त्याबिगर रांगोळी उठून दिसंल का?"

"मग हा करडा हात म्हणजे भिंतीचं सारवणच आहे."

आबांनी उठून शिंदेच्या डब्यात वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"सारवायचं हाय म्हनून आधी सांगायचं ना," ते म्हणाले. म्हणजे चूक माझी होती. मी लगेच कबूल केली. क्लायंटच्या चुका पदरात घेणं डिझायनरच्या फीमध्येच धरलेलं असतं.

त्याच दिवशी करडा हात मारून वाळवला. दुसऱ्या दिवशी लालचे दोन हात. भिंत पिकल्या डाळिंबाच्या दाण्यासारखी भरली.

वास्तुशांतीला आबा त्या भिंतीजवळून हलले नाहीत. येईल त्या पाहुण्याला सांगत होते, "लालखाली सारवन लागतंय. आजकालच्या पोरान्ला कुठलं ठावं?" एका मावशींनी विचारलं, रंग कुणी निवडला?

"आमीच," आबा म्हणाले.

रूपाली शेजारीच पंगतीत वाढत होती. तिनं ऐकलं. भिंत बिघडली की रंग सुनेचा, जमली की सासऱ्यांचा, हे शेडकार्डावर छापलेलं नसतं. मला वाईट वाटलं आणि मी तिला तसं म्हणाले.

"असू द्या, मॅडम. वरची खोली वाचली ना."

"तिला कोणता रंग द्यायचा?"

"पांढरा," ती म्हणाली. "त्याचं श्रेय घ्यायला कुणी जिना चढून येणार नाही."