सोनाराची माती आणि सासूबाईंची खुर्ची

मुलगा कॅलिफोर्नियात गेल्यावर एकदा आम्हाला एक ओसाड गाव दाखवायला घेऊन गेला. तिथे म्हणे डोंगरात सोनं सापडलं की बघता बघता गाव उभं राहायचं, आणि संपलं की लोक चुलीवरची भांडी तशीच टाकून पुढच्या डोंगराकडे पळायचे. भिंतीवर त्यांचे फोटो होते. फावडी भाड्याने देऊन गब्बर झालेला दुकानदार, बंदूक घेऊन आपल्या खड्ड्यावर बसलेला म्हातारा, असले एकेक नग. मुलगा अगदी कौतुकाने सांगत होता. मी म्हटलं, अरे, ही सगळी मंडळी कसब्यात आपल्या शेजारीच होती. तू तेव्हा नुकता कंप्युटरच्या नोकरीला लागला होतास, तुझं कुठे लक्ष होतं?

झालं होतं असं. आमची इमारत पाडून नवी बांधायची ठरली होती. ती रिकामी झाली की बिल्डर आम्हाला कर्वेनगरला फ्लॅट देणार होता, आणि त्यात संडास घरातच, बाथरूममध्येच. आता याचं कुणाला काय वाटणार! पण सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलेलं, आणि आमचा संडास अंगणापलीकडे, चार बिऱ्हाडांत एक. रोज सकाळी आमचे हे आणि मुलगा त्यांना खुर्चीत बसवून उचलून न्यायचे. मग रांगेतल्या लोकांसमोर त्या मान खाली घालून बसायच्या. मी एकेक दिवस ढकलत होते.

तळमजल्यावर सोनाराचा कारखाना होता. सोनाराने जागा सोडली आणि जाताना झारेकऱ्याला बोलावलं. झारेकरी म्हणजे सोनाराकडचा केर धुऊन त्यातलं सोनं काढणारा. त्याने नुसता केर नेला नाही, फरशी उचकटून खालची मातीसुद्धा पोत्यांत भरून नेली. झालं. इमारतीच्या मालकांची झोप उडाली. त्यांनी कारखान्याला कुलूप लावलं, किल्ली कनवटीला, आणि रोज आत जाऊन खणायला लागले.

माडीवर पोस्टातून निवृत्त झालेले एक काका राहायचे. त्यांचं म्हणणं, कारागीर पाणी प्यायला अंगणातल्या नळावर यायचे, तेव्हा त्यांच्या पायाला चिकटलेलं सोनं अंगणात पडलं, आणि अंगण सगळ्यांचं. त्यांनी अंगण खणायला घेतलं. मग मालकही अंगणात उतरले. शेजारच्या शिकवण्या घेणाऱ्या बाईंनी आपली परात माती धुवायला भाड्याने दिली. नळावर दिवसभर चिखल. मला हंडाभर पाणी मिळेना. शिकलेली माणसं हो ही, रोज पेपर वाचणारी!

शेवटी बिल्डर आला. जमिनी विकून आलेला गावचा माणूस, गळ्यात ही जाड साखळी. म्हणाला, "ताई, चावी मिळंना तर मी हितलं काम सोडतो. विश्रांतवाडीला दुसरी जागा तयारच हाय."

मी खाली उतरले. मालकांनी आणि काकांनी वाद घालत घालत बरोबर संडासाच्या वाटेवर खड्डा केला होता. आमचे हे खुर्चीची एक बाजू धरून काठावर उभे, पलीकडे मुलगा, आणि पाय ठेवायला जागा नाही. सासूबाईंचे डोळे भरले होते.

मी म्हटलं, "मालक, खड्डा तुमचा. आजपासून खुर्ची तुम्ही आणि काका उचलायची."

"वहिनी, अहो, माझी कंबर…"

"खणताना बरी असते."

रांगेतलं कुणीतरी हसलं आणि दोघांचा नाइलाज झाला. सासूबाई अंगाने चांगल्या भरलेल्या. काका म्हणायचे डावीकडे, मालक म्हणायचे उजवीकडे, आणि सासूबाई वरून दोघांना झापायच्या. त्यांना दिवसातून कितीदा जावं लागायचं ते मी सांगत नाही, पण मी पाण्याचा तांब्या सतत त्यांच्या उशाशी भरून ठेवत होते. मालकांना मातीत एक पितळी चकती मिळाली, तेवढीच. आठवडा पुरा व्हायच्या आत त्यांनी बिल्डरला किल्ली दिली.

कर्वेनगरला पहिल्या सकाळी सासूबाई भिंत धरत, काठी टेकत स्वतः आत गेल्या आणि कडी लावून घेतली. बराच वेळ झाला. मला काळजी वाटली, मी दार वाजवलं.

"जा गं तू," आतून म्हणाल्या. "मला निवांत बसू दे."

मग मला तासभर आंघोळीला जाता आलं नाही.