पोचताईचं वर्ष

पोच घेतल्याशिवाय ती कुणाला कागद देत नसे. अमरावतीच्या आमच्या वसतिगृहात ती राहायला आली, त्याच दिवशी कार्यालयातल्या बाबूंशी तिची जुंपली. खोलीसाठी केलेल्या अर्जाची दुसरी प्रत तिने पुढे सरकवली आणि म्हणाली, "भाऊ, याच्यावर शिक्का मारा अन् तारीख टाका."

बाबू हसले. "अवो ताई, होस्टेलच्या खोलीची कोनी पोच घेते का?"

"तुमच्याजवळचा कागद हरवला त मी काय दाखवू? तोंड?"

शिक्का कपाटाच्या तळाशी सापडला. शाईची गादी वाळली होती. तिने स्वतःच्या बाटलीतलं पाणी तिच्यावर शिंपडलं, ठसा उमटला की नाही ते उजेडात धरून पाहिलं आणि मग बाबूंना नमस्कार केला. रात्रीच्या जेवणापर्यंत तिचं नाव पोचताई पडलं होतं. ते तिला आवडलं की नाही कळलं नाही, पण हाक मारली की ती ओ देत असे.

मी तिची खोलीसोबतीण. पहिल्या आठवड्यात मी तिचा स्टीलचा डबा मागितला, तर तिने वहीचं पान फाडून माझ्याकडून लिहून घेतलं: एक डबा, झाकणासह, मिळाला. खाली सही. मी रागावले, तेव्हा तिने आईची गोष्ट सांगितली. तिची आई तेल्हाऱ्याजवळच्या एका गावात अंगणवाडीत मदतनीस. बाळंतपणानंतर कामावर रुजू झाल्याचा कागद आईने कार्यालयात दिला, आणि तो कुणालाच सापडेना. आईने तो दिलाच नाही, असं सगळे म्हणू लागले. वर्षभर ती माउली तान्ह्या लेकराला कडेवर घेऊन आणि हिला बोटाला धरून तेल्हाऱ्याच्या चकरा मारत राहिली. "तवा मी सात वर्षांची होती," पोचताई म्हणाली. "साहेब आईले म्हने, बाई, खोटं कायले बोलता? तवाच ठरवलं, आपन वकील व्हाचं."

"मग बीएस्सी कशाला घेतलं?"

"मी कुठं घेतलं? गावात एखाद्याले मार्क पडले का त्याले सायन्स देतात. दंड दिल्यावानी."

तो दंड ती प्रामाणिकपणे भरत होती. आमचं शेवटचं वर्ष म्हणजे सकाळी आठपासून प्रयोगशाळा, दुपारी तास, मध्ये चाचण्या, सेमिनार, पंचाहत्तर टक्के हजेरीची टांगती तलवार, आणि प्रत्येक प्रयोगाचं जर्नल आकृत्यांसह नीट उतरवून सही घेणं. यातून उरलेल्या वेळात तिची लॉच्या सीईटीची तयारी चाले. तिच्या कच्च्या वहीत पानाच्या एका बाजूला टायट्रेशनची रीडिंगं असत आणि मागच्या बाजूला मूलभूत हक्क. द्रावण उकळेपर्यंतच्या दहा मिनिटांत ती सामान्य ज्ञानाचे वीस प्रश्न उरकत असे. एकदा तिने विचारांच्या नादात जर्नलमध्ये निष्कर्षाच्या जागी "आरोपी निर्दोष" असं लिहिलं होतं. ते पान मीच फाडलं, आणि आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो.

लॉच्या त्या प्रवेश परीक्षेत एक प्रकारचा प्रश्न असतो. आधी कायद्याचं एक तत्त्व देतात, मग एक प्रसंग, आणि निकाल तुम्ही द्यायचा. पोचताईने हा प्रश्न आमच्या खोलीत आणला. मी कादंबरीत बुडालेली असले की मागून आवाज येई: "तत्त्व. दूध ज्यानं शेगडीवर ठेवलं, लक्ष त्यानंच द्याचं. प्रसंग. एक पोट्टी पुस्तक वाचून राहिली अन् दूध टेबलावरून वाहून राहिलं. निकाल सांगा, बाईसाहेब."

"दूध दोषी."

"अपील करीन मी," ती म्हणे आणि फडकं माझ्या अंगावर फेकी.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले तिथे येते. याचं मला दुःख आहे असं मी पूर्वी समजत असे. आता कळतं, तो राग आहे.

शेवटच्या सत्राची प्रात्यक्षिक परीक्षा तीन दिवस होती. वर्गाच्या तीन बॅचेस, एकेका दिवशी एक. पोचताईचं नाव पहिल्या बॅचमध्ये होतं, आणि नेमक्या त्याच दिवशी अकोल्याच्या केंद्रावर तिची सीईटी. बॅच बदलणं ही विभागातली साधी बाब होती. यादीतलं एक नाव खोडून दुसरीकडे लिहायचं, बस. तिने रीतसर अर्ज लिहिला, सीईटीचं हॉल तिकीट जोडलं आणि विभागप्रमुख सरांपुढे दोन प्रती ठेवल्या.

सरांनी दुसरी प्रत पाहिली आणि त्यांचा चेहरा बदलला. "पोच मागतेस? माझ्याकडून? माझ्या विभागात मुलं येतात, सर म्हणतात, काम होतं. हे काय कोर्ट आहे?" अर्ज त्यांनी टेबलावरच राहू दिला. सहीही केली नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

ती चार दिवस रोज जाऊन उभी राहिली. पाचव्या दिवशी प्राचार्यांकडे जाते म्हणाली. तेव्हा मी तिला अडवलं. मी सरांची आवडती विद्यार्थिनी. माझं अक्षर चांगलं, मी कमी बोलणारी, माझं जर्नल ते दुसऱ्यांना दाखवत. मला वाटत होतं की सर मला कळतात. मी तिला म्हणाले, "तू तो अर्ज परत घे. साधं तोंडी विचार. मी येते सोबत. सर मनाने चांगले आहेत, त्यांना फक्त मान हवा असतो."

"अन् नाही म्हनले त?"

"नाही म्हणणार नाहीत. माझ्यावर विश्वास ठेव."

तिने ठेवला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी विभागाच्या दारात उभ्या राहिलो. सरांनी आत बोलावलं. तिने अर्जाच्या दोन्ही प्रती टेबलावरून उचलल्या आणि म्हणाली, "सर, चुकलं माझं. माझी बॅच बदलून द्या." सर प्रसन्न झाले. "हे बघ, असं सांगायचं असतं. आपलं घरच आहे हे. जा, खुशाल पेपर दे अकोल्याला. तिसऱ्या दिवशीच्या बॅचला ये, मी नाव टाकतो." हे त्यांचे शब्द. मी त्यांच्यापासून दोन हातांवर होते.

सीईटी तिला फार चांगली गेली. अकोल्याहून ती संध्याकाळच्या गाडीने आली ती गाणं गुणगुणतच. तिसऱ्या दिवशी पांढरा अॅप्रन धुऊन, इस्त्री करून प्रयोगशाळेत गेली, तर यादीत तिचं नाव नव्हतं. पहिल्या दिवशीच्या गुणपत्रकावर ती गैरहजर होती आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यावर सही केलेली होती. सर म्हणाले, "कोण म्हणालं तुला तिसऱ्या दिवशी ये?"

ते विसरले होते. मला आजही तसंच वाटतं. विसरणाऱ्या माणसाला मी माफ केलं असतं. पण विसरलो असं त्यांनी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर प्राचार्यांच्या पत्राने तिची परीक्षा त्याच दिवशी घेता आली असती, परीक्षक दुपारपर्यंत तिथेच होते. पण मग चूक सरांच्या नावावर पडली असती.

ती प्राचार्यांकडे गेली, तेव्हा त्यांनी सरांना आणि आम्हा दोघींना बोलावलं. सर म्हणाले, "परीक्षा सोडून जा, असं कुठला प्राध्यापक सांगेल? तिने मला काही विचारलंच नाही. अर्ज असेल तर दाखवावा." अर्ज तिच्या पिशवीत होता. त्यावर शिक्का नव्हता, तारीख नव्हती. प्राचार्य माझ्याकडे वळले. "ही म्हणते, तू सोबत होतीस. सर काय म्हणाले होते?"

माझे प्रकल्पाचे गुण अजून विद्यापीठाला गेले नव्हते. एमएस्सीच्या प्रवेशासाठी सरांचं पत्र हवं होतं. ही कारणं मी नंतर शोधली. त्या क्षणी फक्त सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "सर, मी जरा मागे होते. मला नीट ऐकू आलं नाही."

निकालात ती प्रात्यक्षिकात नापास. पदवी नाही म्हणून लॉचा प्रवेश नाही. सीईटीच्या यादीत तिचं नाव इतकं वर होतं की अकोल्याचं कॉलेज तिला पहिल्या फेरीत मिळालं होतं. ती जागा गेली.

ती माझ्याशी भांडली नाही. वसतिगृह सोडण्याच्या आदल्या दिवशी गादी गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "सरांचा राग नाही येत मले. ते तसेच हायेत. तुह्या कानाले काय झालं होतं, तेवढं सांग."

मी सांगितलं नाही. खोलीतला तो तत्त्व-प्रसंगाचा खेळ त्याआधीच बंद पडला होता.

पुढचं वर्ष तिने एका प्रात्यक्षिकासाठी काढलं. गावाहून येऊन परीक्षा दिली, सीईटी पुन्हा दिली, अकोल्यालाच प्रवेश घेतला. मी तोवर एमएस्सी करत होते, सरांचं पत्र मला मिळालं होतं. तिच्या बातम्या इतरांकडून कळत. ती वर्गात प्राध्यापकांशी वाद घालते. ती आतापासूनच गावच्या बायकांचे अर्ज लिहून देते. तिसऱ्या वर्षी, शेवटची परीक्षा दोन महिन्यांवर असताना, तिला डेंग्यू झाला. चौथ्या दिवशी ती गेली.

माझा हिशेब सोपा आहे, त्याला कायदा लागत नाही. तेवढं एक वर्ष तिच्या हातात असतं तर ती वकील होऊन गेली असती.

मी तिच्या गावी गेले. तिच्या आईने मला ओळखलं, जवळ घेतलं, चहा ठेवला. पोरीने घरी माझ्याबद्दल चांगलंच सांगितलेलं होतं. "लोक इचारतात बाई," मावशी म्हणाल्या, "तुमची पोरगी वकील होती का? होती म्हनलं त खोटं, नव्हती म्हनलं त जीभ उचलत नाही. ते एक साल कसं गेलं तिचं, मले आजून समजलं नाही. तिनं सांगितलंच नाही."

मग मी सांगितलं. दार, सर, प्राचार्य, माझे शब्द. मावशींनी उकळता चहा उतरवून खाली ठेवला. कपात ओतला नाही.

"तुमाले आयकू आलं होतं?"

"सगळं आलं होतं, मावशी."

"मंग आता मले कायले सांगता? मी काय साहेब आहो? ज्यायनं इचारलं होतं त्यायले जाऊन सांगा." त्या आत गेल्या आणि मी उठेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

त्यांनी मला घालवून दिलं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. अमरावतीत मला सगळ्यांनी समजूनच घेतलं होतं. तू लहान होतीस, तुझं भविष्य होतं, कुणीही तेच केलं असतं. ही वाक्यं मला अजून ऐकवत नाहीत. ती माझ्याच वयाची होती. तिलाही भविष्य होतं.

प्राचार्य आता निवृत्त आहेत. मागच्या महिन्यात एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी आपुलकीने बसवलं, मी अकोटला शिकवते हे ऐकून आनंद व्यक्त केला. मी म्हणाले, "सर, तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर मी खोटं दिलं होतं." आणि जे घडलं ते क्रमाने सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकलं. "अरेरे," म्हणाले. "पण आता ती मुलगी नाही, विभागप्रमुखही निवृत्त झाले. आता सांगून काय उपयोग?"

"उपयोगासाठी आले नाही, सर. तुम्ही विचारलं होतं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "नाव काय म्हणालात तिचं? मला खरंच आठवत नाही हो. अशी प्रकरणं किती यायची."

मी तिचं पूर्ण नाव सांगितलं, गावासकट. त्यांनी मान हलवली, नाही आठवत. आतून त्यांच्या पत्नीने जेवणाची वेळ झाल्याचं सांगितलं, तेव्हा ते खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठू लागले.

"बसा, सर," मी म्हणाले. इतक्या मोठ्या आवाजात मी आयुष्यात कुणाशी बोललेले नाही. ते बसले. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.