अंडी कधी फुटतात

तिची आठवण आली की माझी मान खाली जाते. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. जिंतूरच्या शाळेत विज्ञान शिकवायला मी परभणीहून एसटीने जायचो. कंडक्टरला ‘जयभीम’ घालून ती बाई माझ्या बाकापाशी आली, तशी मी शेजारच्या रिकाम्या जागेवर पिशवी ठेवली. ती अंड्यांची टोपली कवेत धरून, गुडघे वाकवत उभी राहिली.

“एवढ्या वेगात फुटत नाहीत?” मीच विचारलं.

“पळण्यानं न्हाई फुटत, मास्तर. गाडी निघताना, थांबताना फुटत्यात. आन् वळणावर, तेवढीच पळायली असली तरी.”

वेग किंवा दिशा बदलली की त्वरण, हे मी वर्षानुवर्षं नुसतं घोकून घेत होतो. त्या दिवशी शाळेत अंड्यांचं उदाहरण दिलं आणि अख्ख्या वर्गाला कळलं.

“हे कुणी सांगितलं, सर?” एका मुलीनं विचारलं.

“मलाच सुचलं,” मी म्हणालो.