तेल थिजू नये म्हणून

पावसाळा सरल्यावर मी घरी मुरुडला आलो, तेव्हा आमच्या नारळाच्या वाडीत गुडघाभर गवत माजलं होतं. कुंपणाशी मात्र सुपाएवढ्या जागेत ते मेलेलं होतं. मी ट्रंक टाकली, उकिडवा बसलो आणि माती उचलून हुंगली. दिवेलागणीची वेळ. आई तुळशीपाशी दिवा लावत होती.

"काडी ओढू नकोस!" मी ओरडलो.

कित्येक वर्षांनी घरी आलेल्या मुलाचं हे पहिलं वाक्य. आईने काडेपेटी खाली ठेवली.

काय करणार, खोडच लागली होती. ब्रह्मदेशात मी तेलाच्या नळावर नोकरीला होतो. विहिरींतून निघालेलं कच्चं तेल लोखंडी नळातून थेट रंगूनकडच्या कारखान्यात जायचं. एवढ्या लांबच्या वाटेत त्याचा जोर सरतो, म्हणून मध्ये जागोजागी पंप बसवलेले. त्यातल्या एका पंपावर मी, आणि भोवती रान. त्या तेलात मेण असतं. थंडीत पंप थांबला तर ते नळातच तुपासारखं थिजतं, मग मोठमोठे साहेबही कपाळाला हात लावतात. शिवाय नळावरून चालत पाहणी करायची. गवत मेलेलं दिसलं की खाली नळ गळतोय समजायचं, आणि तिथे विडीसुद्धा पेटवायची नाही. दिवसचे दिवस माणसाचं तोंड दिसत नसे. मी इंजिनाशी मराठीत भांडायचो. ते बिचारं ऐकून घ्यायचं. एकटेपणाने जीव नकोसा व्हायचा. पण माझ्यावाचून तेल अडेल, या ऐटीवर मी दिवस काढले.

आईला हे सगळं समजावलं, तशी ती हसली.

"त्याल बील काय न्हाय रं तिथं. मीच हुबी ऱ्हाते. तिथनं मुंबयची बोट दिसती."

"रोज?"

"रोज."

"अगं, पावसाळ्यात बोटी बंद असतात."

"व्हय. ठावं हाय मला."

मी ट्रंक उचलून घरात नेली. महिन्याची रजा घेऊन आलो होतो, परत येतो असं साहेबाला कबूल करून. ते तिला अजून सांगायचं होतं. जेवताना एकदाचं सांगून टाकलं. ती वाढत राहिली. मग म्हणाली, "तू न्हाय गेलास तर रं?"

"तर काय, दुसरा माणूस ठेवतील."

"लगीच?"

"लगेच."

तिने माझ्या पानात आणखी भात वाढला आणि वर कालवण ओतलं. मी मान खाली घालून जेवत होतो. दुसरा माणूस ठेवतील, हे मी तोवर स्वतःशीसुद्धा कधी बोललो नव्हतो. आईला दुसरा मुलगा नव्हता.

मी परत गेलो नाही.